उभ्या उभ्या पेट्रोल पिणारी गाडी

आमच्या भागात कोणी नवी मोटारसायकल घेतली की तिच्या हँडलवरचा झेंडूचा हार सुकायच्या आत पहिला प्रश्न येतो, “किती देते?” रंग कोणता, इंजिन केवढं, ब्रेक कसे, हे सगळं नंतर. ‘किती देते’ म्हणजे एका लिटर पेट्रोलमध्ये किती किलोमीटर पळते. शहरात याला मायलेज म्हणतात, आमच्याकडे ॲव्हरेज. मालक जो आकडा सांगेल त्यातून पाच वजा करायचे असतात, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं आणि सांगणाऱ्यालाही. सोयरिकीच्या बोलण्यात मुलाचा पगार सांगतात, तसाच हा प्रकार.

शेलूबाजारला हायवेच्या कडेला माझं गॅरेज आहे. आता ते पुतण्या बघतो आणि मी समोर खुर्ची टाकून त्याच्या चुका काढतो. लोक मला बंडू मिस्त्री म्हणतात. गॅरेज टाकलं तेव्हा मी पेंटरला बोर्डावर एवढंच लिहायला सांगितलं होतं, ‘येथे गाडीचे ॲव्हरेज वाढवून मिळेल’. त्याच्याकडे लाल रंग उरला होता म्हणून त्याने खाली मोठ्या अक्षरात ‘खात्रीशीर’ असं ठोकून दिलं. मी सांगितलं नव्हतं, पण पुसायलाही लावलं नाही. पुढे त्या एका शब्दाने मला जे छळलं, तेच सांगायला बसलो आहे.

पण आधी धंद्याची थोडी माहिती देतो, म्हणजे माझी फजिती नीट कळेल. पेट्रोल हवेत विरत नाही. टाकीतून गेलं म्हणजे कुठेतरी गेलंच. एक तर ते इंजिनात नीट जळलं नाही आणि धूर होऊन गेलं. नाही तर नीट जळलं, पण गाडीच ओढायला जड झाली होती. टायरात हवा कमी, चेन कोरडी, ब्रेक चिकटलेला, असं काहीतरी. नाही तर ते इंजिनापर्यंत पोचलंच नाही, भलत्याच्याच पोटात गेलं. या तिघांतला चोर कोणता, एवढंच मिस्त्रीला ओळखायचं असतं. सोयाबीनच्या मळणीत चोर बहुधा एअर फिल्टर असतो, थ्रेशरची धूळ बसून त्याचं नाक बंद झालेलं असतं. फवारणीच्या दिवसांत चोर घरातच असतो. पंपातलं पेट्रोल संपलं की बाप पोराच्या गाडीला नळी लावतो, तोंडाने ओढतो, थुंकतो आणि वावरात निघून जातो. पोरगं माझ्याकडे येऊन म्हणतं, मिस्त्री, कार्बोरेटर खराब झाला वाटते.

मंगरुळपीरचे एक गृहस्थ होते. त्यांची गाडी काही केल्या ॲव्हरेज देईना. मी त्यांच्या मागे बसून एक चक्कर मारली, तर यांचा उजवा पाय कायम ब्रेकवर.

मी विचारलं, “भाऊ, पाय तिथी काहून ठेवता?”

“नाही तं मंग येनवक्ती सापडत नाही ना.”

त्यांची भीती काढणं माझ्या हातात नव्हतं. मी ब्रेकचं पेडल दोन बोटं खाली करून दिलं. पाय तिथेच राहिला, ब्रेक मात्र लागेना. आठवड्याने येऊन म्हणाले, मिस्त्री, इंजिन लय भारी बनवलं तुमी. मी म्हणालो, हो, मेहनत लागली.

असा मी. डोळे मिटून चोर पकडणारा. आणि मग एका पावसाळ्यात किन्हीराजाचा गोपाल आला.

गोपाल आमच्या इकडच्या मालेगावला एका कृषी केंद्रात कामाला होता. कॉलेजात असल्यापासून त्याच्या डोक्यात एकच गाडी होती. रस्त्यावरही चालते आणि रस्ता नसला तरी चालते, अशी जी उंच गाडी येते ती. सीट कमरेच्या वर, टायरला बोटभर गाठी, पुढचं मडगार्ड चोचीसारखं वर निघालेलं, आणि खालून मांजर सहज निघून जाईल एवढी जागा. ही गाडी डोंगर चढते, दगडांवरून जाते, पाण्यात उतरते. त्याबद्दल ती डांबरावर थोडं जास्त पेट्रोल मागते, कारण गाठींचे टायर रस्ता धरून चालतात आणि उंच अंगाला वारा जास्त लागतो. तरीही गोपालच्या गाडीने पस्तीस द्यायला हवे होते. जुनी, कार्बोरेटरवाली, पण जपलेली गाडी त्याने पुण्याच्या एका मुलाकडून आणली. आणल्यापासून ती डांबरावरून खाली उतरली नव्हती. चिखलाचा शिंतोडा उडाला तर गोपाल खिशातला रुमाल काढायचा.

तिचा आणखी एक फायदा त्याने मला हळूच सांगितला होता. गावात घरासमोर गाडी उभी दिसली की कोणीही येऊन, “दे रे जरा, मेडशीले जाऊन येतो,” असं म्हणतं. नाही म्हणायची सोय नसते. ही गाडी मात्र कोणी मागत नव्हतं, कारण गावात दुसऱ्या कोणाचे पाय जमिनीला पुरत नव्हते. एकाने प्रयत्न केला, तो उभ्या गाडीवरून गाडीसकट आडवा झाला. त्यानंतर गोपालची गाडी गोपालचीच राहिली.

तो गोपाल माझ्यापुढे तोंड पाडून उभा होता.

“मिस्त्री, वीस देऊन राह्यली. म्हून मी रोज एसटीनं जातो, गाडी घरीच ठेवतो. तरी बी टाकी खाली होते. उभ्या उभ्या पेट्रोल पेते हे गाडी!”

“उभी गाडी पेट्रोल पेत नाही, गोपाल.”

“मंग तुमीच सांगा कुठी जाते ते. सोयाबीन निघालं का इकून टाकतो. नाही झेपत मले.”

विकून टाकतो म्हणताना त्याने हात टाकीवर ठेवला होता. मला त्या पोराचं फार वाईट वाटलं. वर बोर्डावरचा लाल शब्दही माझ्याकडेच बघत होता. मी म्हणालो, “इकाची भाषा करू नको. मी हाय ना.”

मग मी सुरू झालो. एअर फिल्टर काढला, स्वच्छ निघाला. ब्रेक मोकळे होते. चेनला तेल, टायरात हवा, कार्बोरेटर उघडून साफ. मग आमची जुनी परीक्षा घेतली. टाकी रिकामी करायची, बाटलीने मोजून एक लिटर ओतायचं आणि गाडी बंद पडेस्तोवर चालवायची. येताना ढकलत यावं लागतं, पण उत्तर खरं मिळतं. गाडीने माझ्या हाताखाली चोख ॲव्हरेज दिलं. दवाखान्यात गेलं की ताप उतरतो, तसं झालं. गोपाल खुशीत घरी गेला आणि पंधरवड्याने पुन्हा आला. वीस!

मी त्याच्या मागे बसून बघितलं. पोरगं इतकं जपून चालवत होतं की मलाच झोप आली. मग फवारणीच्या पंपाची शंका घेतली आणि टाकीखालच्या नळीला अशी क्लिप लावली की कोणी ओढलं तर मला कळावं. क्लिप जशीच्या तशी राहिली, पेट्रोल गेलं. आता मात्र गोपाल वर बोर्डाकडे बघायला लागला. बोलत नव्हता काही, पण वाचत होता.

तिसऱ्या खेपेला मी क्लचचं झाकण उघडलं आणि थांबलो. क्लचच्या प्लेटा काळ्या पडल्या होत्या, जळका वास येत होता. आता हे समजून घ्या. सरळ रस्त्यावर नीट चालवणाऱ्याच्या प्लेटा अशा होत नाहीत. क्लच अर्धा दाबून, पहिल्या गिअरमध्ये, ओझं ओढत, चिखलातून गाडी काढली तर होतात. आणि पेट्रोल चोरणारा माणूस नळी लावतो, क्लच जाळत नाही. म्हणजे गाडी कोणीतरी चालवत होतं. पण मग मीटरवर किलोमीटर का वाढत नव्हते?

या गाडीचं मीटर पुढच्या चाकातून येणाऱ्या एका वायरीवर चालायचं. चाक फिरलं की वायर फिरते, वायर फिरली की आकडा वाढतो. ती वायर चाकापाशी एका नटाने धरलेली असते. नट सोडला की गाडी काशीला जाऊन आली तरी आकडा जागचा हलत नाही. शेलूबाजारच्या जुन्या जीपवाल्यांना ही विद्या चांगली अवगत होती. मालकाची जीप लग्नाच्या भाड्याला न्यायची, वायर काढून ठेवायची, आणि सकाळी मालकाला मीटर दाखवायचं.

मी गोपालला काही बोललो नाही. घरात गेलो, बायकोची नखाला लावायची लाल बाटली आणली आणि त्या नटावर एक बारीक रेघ ओढली. नट फिरवला तर रेघ तुटणार. बायको म्हणाली, “गाडीले सजवून राह्यले का आता?”

पुढच्या खेपेला रेघ तुटलेली होती. आणि गोपालचे वडील, उत्तमराव, जन्मभर शेलूबाजार ते मेडशी जीप चालवत आले होते!

मला इतका आनंद झाला की विचारू नका. चोर सापडला, खात्रीशीर. मी एका दुपारी गोपाल कामावर असल्याचा अंदाज घेऊन किन्हीराजाला गेलो. त्यांचं घर गावाच्या टोकाला, मागे शंभरेक पावलांवर नाला, आणि नाल्यापलीकडे त्यांचं वावर. या घरी मी आधी एकदा चहाला आलो होतो. तेव्हा गोपालची आई, कमलाकाकू, चहा घेऊन दारातून बाहेर येताना वाकली होती, एवढी उंच बाई. दुधापासून सरकारपर्यंत सगळ्याला नावं ठेवत होती, पण गाडी विकायची गोष्ट निघाली तर म्हणाली होती, “राहू द्या ना बापा, लेकराची हौस हाय.” मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

उत्तमराव ओट्यावर बसले होते. मला बघताच त्यांना खोकल्याची अशी उबळ आली की मी घाबरलोच. सगळ्या शिवारात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने खोकत होते.

थोडं थांबल्यावर मी म्हणालो, “दादा, गाडी दिसत नाही गोपालची?”

“असन कुठी तं.” पुन्हा खोकला.

“दादा, जीपच्या मीटरची वायर कशी काढत तुमी, आठवते का?”

“आठवते ना. पन आता काय, मायाच्यानं खाट उतरनं होत नाही.” त्यांनी धोतर वर करून गुडघे दाखवले. भोपळ्याएवढे सुजले होते. त्या उंच सीटवरून हा पाय पलीकडे टाकणं त्यांना या जन्मी शक्य नव्हतं. माझा चोर माझ्या डोळ्यांदेखत निर्दोष सुटला.

आणि तेवढ्यात मला आवाज आला. मी स्वतःच्या हाताने लावलेलं इंजिन मला झोपेतही ओळखू येईल. घराच्या मागे पळालो.

नाल्याला मांडीभर पाणी होतं, तळाला गोटे आणि गाळ. त्यातून गोपालची गाडी येत होती. काकूने नऊवारीचा काष्टा घट्ट मारला होता, डोक्याला दुपट्टा गुंडाळला होता, आणि सीटवर न बसता दोन्ही पायांवर उभी राहून ती गाडी चालवत होती. हे लक्षात घ्या. अशा गाडीवर खराब रस्त्यात उभं राहायचं असतं, म्हणजे गाडी खाली हवी तशी नाचते आणि माणूस वर स्थिर राहतो. ही गोष्ट पैसे भरून शिकवतात म्हणे. काकूला कोणी शिकवली नव्हती. मागे शेजारची सखूबाई एका हातात खुरपं आणि दुसऱ्या हाताने काकूची कंबर धरून निवांत बसली होती. पलीकडच्या काठावर घरी परतायला आणखी बाया रांगेत उभ्या होत्या.

गाडी काठ चढून माझ्यापुढे येऊन थांबली.

“काय पाह्यलं, मिस्त्री?”

“काही नाही पाह्यलं, काकू.”

“मंग तोंड वासून काहून उभे हा?”

सखूबाई उतरली आणि पदर तोंडाला लावून हसत पळाली. काकू गाडी लावता लावता म्हणाली, “लवकर बोला. ते खोकलून राह्यले, त्याईले पानी द्याले जा लागते.”

मग तिने सगळं सांगितलं, आणि सांगताना अजिबात लाजली नाही. पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की वावरात जायला मोठा फेरा पडायचा. फेरा पडतो म्हणून निंदणाला बाया यायच्या नाहीत. जीप नाल्यात उतरत नव्हती आणि ट्रॅक्टरवाला बोलावून बोलावून येत नव्हता. दरवर्षी पीक तणात बुडायचं.

“गोपालनं हे गाडी आनली तं मी उंची पाह्यली अन् मनलं, हे तं नाल्याची गाडी हाय. पन थो तिले डांबरावर फिरवे अन् रुमालानं पुसे.”

“पन शिकल्या कुठी तुमी?”

“त्यानंच शिकवलं. रोज पुसता पुसता सांगे, आई, हा क्लच, हा गेर, असा टाकाचा. त्याले वाटे, मायले कौतुक हाय म्हून आइकते.” ती हसली. “दोन डाव पडली वावरात. मऊ माती होती, काही नाही झालं.”

“अन् वायर?”

“जीपची वायर काढाच्या वक्ती बत्ती कोन धरे, सांगा बरं?”

“काकू, गावात कोनी गोपालले सांगतलं कसं नाही?”

“बायाईले सगळ्याईले मालूम हाय. मानसाईले कोन सांगते?”

मी तिथेच एका दगडावर बसलो. तिला ॲव्हरेजचं गणित समजावून सांगितलं. म्हटलं, गोपाल काय करतो, मीटरवरचे किलोमीटर घेतो आणि पेट्रोलने भागतो. तुमी पेट्रोल जाळता, पण किलोमीटर लपवता. म्हणून ॲव्हरेज वीस दिसते. वायर लावूनच चालवा. पेट्रोल जाईल तसे किलोमीटरही वाढतील, भागाकार बरा येईल. गाडी वाचेल, तुमचं निंदण होईल आणि माझा बोर्डही राहील.

काकूने बोटांवर हिशेब केला. “म्हंजे लपवाले गेली अन् लपवल्यानंच दिसलं?”

“तसंच झालं.”

ठरलं. मी गोपालपुढे कार्बोरेटरात नवी जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक तोटी, टाकल्याचं सोंग केलं, जुनीच पुसून बसवली. पुढच्या महिन्यात तो पेढे घेऊन आला. तीस! पस्तीस नाही, पण तीस. गाडी विकायची गोष्ट त्याने तिथल्या तिथे सोडून दिली. बाजूच्या चहावाल्याला त्याने ओरडून सांगितलं, मालेगावच्या मिस्त्र्यांना जमलं नाही ते बंडूभाऊनं केलं. दोन-चार दिवस माझ्याकडे कारंजापर्यंतची माणसं आली, गोपालच्या गाडीला केलं ते करून द्या म्हणून. मी छाती काढून फिरत होतो.

आणि एका दुपारी जीपमधून कमलाकाकू उतरली. रागाने लाल. स्टुलावर बसली आणि म्हणाली, “मिस्त्री, ॲव्हरेज कमी करा.”

जन्मभर या खुर्चीवर मी लोकांना ॲव्हरेज वाढवा म्हणताना ऐकलं. कमी करा म्हणणारं गिऱ्हाईक तेच पहिलं आणि तेच शेवटचं. मी हसायला लागलो.

“दात काय काढता? तुमी तीस करून ठेवलं तं थो आता रोज गाडीनंच मालेगावले जाते! एसटी सोडली त्यानं. सोयाबीन पिकून सोंगाले आलं, बाया इकडं बसून हायत, अन् मी नाल्याच्या काठी उभी!”

मी हसायचा थांबलो, कारण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ही बाई रडणारी नव्हती. “मिस्त्री,” ती म्हणाली, “चाळीस वर्सं मागं बसून जिंदगी गेली. कोनी नेलं तं गेली, नाही नेलं तं राह्यली. आता कुठी हँडल हाती आलं होतं.”

पेच लक्षात आला ना? ॲव्हरेज जास्त पाडलं तर गोपाल गाडी विकणार. चांगलं ठेवलं तर तो रोज घेऊन जाणार. मला असा आकडा काढायचा होता, जो विकण्याइतका वाईट नाही आणि रोज वापरण्याइतका चांगला नाही. एवढं बारीक काम मी उभ्या जन्मात केलं नव्हतं. रात्रभर डोकं खाजवलं. इंजिन बिघडवायला माझा हात धजेना, ते माझ्याच्याने होणार नव्हतं. मग सुचलं. मागच्या चाकाला दात्यांची चकती असते, जिच्यावरून चेन फिरते. ती मोठी टाकली की गाडीला पहिल्या गिअरमध्ये बैलाचा जोर येतो, पण डांबरावर इंजिनाला उगाच जास्त फिरावं लागतं आणि पेट्रोल जास्त जातं. म्हणजे नाल्यात फायदा, मालेगावच्या रस्त्याला तोटा. चेन बघायची राहिली असं सांगून गोपालला बोलावलं आणि चकती बदलून दिली. त्याची गाडी पंचविसावर आली.

गोपाल एसटीने जायला लागला. गाडी विकली नाही. सोयाबीन वेळेवर सोंगून घरात आलं, हे मला सखूबाईच्या भावाकडून कळलं.

पण काही दिवसांनी सुट्टीच्या वारी गोपाल गॅरेजवर आला आणि नुसता बसला. मी आपणहून सुरू झालो, की परतीच्या पावसात पेट्रोलला ओल धरते, हवा जड होते, टायर ओले राहतात. तो सगळं शांतपणे ऐकून घेत होता. मी दमलो तेव्हा म्हणाला, “मिस्त्री, दोन इतवाराआंधी मी दिवसभर घरी झोपून होतो. गाडी काही झोपली नाही. मीटर वाढलं.”

वायर लावून चालवा, हा सल्ला माझाच होता.

“मंग मी मागच्या इतवारी झोपाचं सोंग घेतलं अन् बाभळीमागं जाऊन उभा राह्यलो.” त्याचा आवाज हळू झाला. “मी ते गाडी घेतली डोंगर चढाले, पान्यात घालाले. अन् घातली काय? डांबरावर चालवली. नाल्यात घालाची मायी हिंमतच नाही झाली. आई उभी राहून काढते, मिस्त्री. उभी राहून!”

मी हातातला पाना पुसायला घेतला.

“चकती मोठी टाकली तुमी.”

“हो.”

“बरं केलं. जोर लागत असन तिले तिथी.”

“मंग आता काय करतो? नेतो गाडी कामावर?”

“कायले? मले एसटीत शीट भेटते.” तो उठला, दोन पावलं गेला आणि परत आला. “तिले सांगू नका मले मालूम हाय म्हून. लपून चालवते तं खुश राहते.”

मला त्या पोराचा एवढा अभिमान वाटला की मी त्याला चहा पाजायचंही विसरलो.

यात माझं नाव मात्र गेलं. गोपालची गाडी पुन्हा घसरून पंचविसावर आली, हे मालेगावच्या मिस्त्र्यांनी रंगवून सांगितलं. आजही चहाच्या टपरीवर कोणीतरी म्हणतं, बंडू मिस्त्रीले किन्हीराजाची गाडी काही सुधरली नाही. मी ऐकून घेतो. पुतण्या म्हणाला, काका, बोर्डावरचं ‘खात्रीशीर’ तेवढं पुसू का? मी म्हटलं, राहू दे.

या अंकासाठी हे लिहायचं ठरलं तेव्हा मी दोघांना वेगवेगळं गाठून परवानगी घेतली. काकू म्हणाली, “लिवा, पन अंक गोपालच्या हाती पडू देऊ नका.” गोपाल म्हणाला, “लिवा, पन आईले दाखवू नका.” निघताना ओट्यावर उत्तमराव भेटले. मी म्हटलं, “दादा, खोकला कसा हाय?”

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि मला जवळ बोलावलं.

“खोकला कायचा मिस्त्री? गोपालची एसटी फाट्यावर दिसली का मी खोकलतो. मंग गोपालची माय पानी द्याले घरी येते. थो येईस्तोवर गाडी जाग्यावर राहते. मायावालाही एक अंक द्या. अन् त्या दोघाईले सांगू नका.”

तेव्हा संपादकांना विनंती, किन्हीराजाच्या त्या एका घरी अंक तीन पाठवावेत. तिन्ही पुडकी वेगवेगळी बांधावीत.